पासवर्ड मॅनेजर निवडताना आधी वाईट दिवसाचा विचार

ई-आधारची पीडीएफ उघडायचा पासवर्ड कसा बनतो, हे सगळ्या देशाला ठाऊक आहे: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. प्राप्तिकर खात्याचे वार्षिक माहितीपत्रक पॅन आणि जन्मतारखेने उघडते. बँकांची स्टेटमेंटेही अशाच ठरावीक सूत्रांवर उघडतात. हे पासवर्ड गुप्त नसतातच. चुकून दुसऱ्याच्या मेलमध्ये गेलेली फाइल सहजासहजी उघडू नये, एवढ्यापुरते ते असतात. पण या सूत्रांची इतकी सवय होते, की आपले खरे पासवर्डही आपण तसेच करतो: मुलाचे नाव, मध्ये ‘@’, शेवटी जन्मसाल. मग तोच मेलला, तोच नेटबँकिंगला आणि तोच किराणा मागवायच्या ॲपला.

असा सगळीकडे वापरलेला पासवर्ड फुटतो तो बहुधा भलत्याच ठिकाणी. २००९ साली रॉकयू या अमेरिकी कंपनीतून ३ कोटी २० लाख पासवर्ड साध्या मजकुराच्या रूपात बाहेर पडले. त्यांत सर्वांत लाडका होता १२३४५६. अशा याद्या वर्षानुवर्षे फिरत राहतात आणि त्यांतली ईमेल-पासवर्डची जोडी यंत्राकरवी इतर संकेतस्थळांवर लावून पाहिली जाते. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्रीअँडमी या जनुकचाचणी कंपनीत हेच घडले. इतरत्र फुटलेल्या पासवर्डांनी चोर सुमारे १४ हजार खात्यांत शिरले आणि तिथल्या नातेवाईक शोधण्याच्या सोयीमुळे सुमारे ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली.

यावर उपाय एकच: प्रत्येक खात्याला वेगळा, लांब आणि अर्थहीन पासवर्ड. शंभर खात्यांचे असे पासवर्ड माणसाच्या लक्षात राहणार नाहीत, म्हणून पासवर्ड मॅनेजर. आता कोणता घ्यावा? बहुतेक तुलना-तक्ते वैशिष्ट्यांच्या रकान्यांत अडकतात. पासवर्ड बनवणे, साठवणे आणि भरणे हे सगळ्या चांगल्या मॅनेजरना येते. फरक पडतो तो चार वाईट दिवशी: कंपनीवर दरोडा पडतो तेव्हा, आपणच मास्टर पासवर्ड विसरतो तेव्हा, कंपनी सेवा बंद करते तेव्हा आणि माणूस नोकरी किंवा जग सोडून जातो तेव्हा. या आढाव्यात प्रत्येक पर्याय या चार दिवसांवरच तपासला आहे.

आत काय चालते

तुम्ही एक मास्टर पासवर्ड लक्षात ठेवता. तुमच्याच फोनवर किंवा संगणकावर त्यावर लाखो वेळा एक गणिती प्रक्रिया होते आणि तीतून किल्ली तयार होते. त्या किल्लीने सगळी माहिती कूटबद्ध होते आणि कंपनीच्या सर्व्हरवर जातो तो फक्त हा कुलूपबंद गठ्ठा. कंपनीकडे किल्ली नसते, त्यामुळे तिच्या कर्मचाऱ्यालाही तुमचे पासवर्ड दिसत नाहीत. याचीच दुसरी बाजू म्हणजे ‘पासवर्ड विसरलात?’ ही वाट इथे नसते, किंवा असलीच तर ती तुम्हीच आधी आखून ठेवावी लागते. ग्राहकसेवेने फोनवर मास्टर पासवर्ड बदलून दिला, तर ती सोय समजू नका. किल्ली त्यांच्याकडेही आहे, असा त्याचा अर्थ होतो.

गणिताची ही लाखो आवर्तने चोराला थकवण्यासाठी असतात. गठ्ठा पळवला तरी प्रत्येक अंदाजासाठी त्याला तेवढाच खर्च पडतो. पीबीकेडीएफ-टू या प्रचलित पद्धतीत ६ लाख आवर्तने असावीत, अशी ओवास्प या सुरक्षासंस्थेची सध्याची शिफारस आहे. आर्गॉन-टू ही नवी पद्धत वेळेबरोबर मेमरीही खाते, त्यामुळे चोराला आणखी महाग पडते.

मॅनेजरचा आणखी एक फायदा अनेकांच्या ध्यानात येत नाही. बँकेच्या नावाचे हुबेहूब बनावट पान समोर आले, तर माणूस फसतो. मॅनेजर पानाचे रूप बघत नाही, पत्ता बघतो. पत्त्यात एक अक्षर जरी वेगळे असले तरी तो पासवर्ड पुढे करत नाही. नेहमी भरला जाणारा पासवर्ड आज का भरला जात नाही, असा प्रश्न पडला, की तिथेच थांबावे.

फोन आणि ब्राउझरमधली फुकट सोय

आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड असतो, म्हणजे गुगलचा पासवर्ड मॅनेजर आधीच मिळालेला असतो. आयफोनवर २०१३ पासून आयक्लाउड कीचेन आहे आणि सप्टेंबर २०२४ पासून तिचे ‘पासवर्ड्स’ हे स्वतंत्र ॲप झाले आहे. दोन्ही फुकट आहेत, दोन्ही पासवर्ड बनवून देतात आणि फुटलेल्या पासवर्डची सूचना देतात. ज्यांनी आजवर काहीच वापरले नाही, त्यांनी इथून सुरुवात केली तर काही बिघडत नाही. तोच पासवर्ड दहा ठिकाणी वापरण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

मर्यादा मात्र नीट समजून घ्याव्यात. गुगलकडे किल्ली सहसा तुमच्या गुगल खात्याशीच बांधलेली असते. ती फक्त आपल्या उपकरणावर ठेवण्याची सोय वेगळी चालू करावी लागते. म्हणजे जीमेल गेले, की सगळेच गेले. ॲपलची कीचेन अधिक बंदिस्त आहे, पण घरात नवऱ्याचा आयफोन आणि बायकोचा अँड्रॉइड असेल तर तिथेच गाडी अडते. संगणकातून माहिती चोरणारे मालवेअर तर सर्वांत आधी ब्राउझरमधलेच पासवर्ड उचलते आणि असे मालवेअर फुकटच्या ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरबरोबर हमखास येते. ई-सेवा केंद्रात किंवा सायबर कॅफेत दुसऱ्याच्या संगणकावर लॉगिन केल्यावर ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ असे विचारणाऱ्या चौकटीला ‘हो’ म्हणणे, हा तर सरळ किल्ली दारातच सोडून जाण्याचा प्रकार.

क्लाउडवरच्या तिजोऱ्या

या गटाचा अभ्यास लास्टपासपासूनच करावा लागतो. २००८ पासूनची ही कंपनी एकेकाळी सर्वांत लोकप्रिय होती. ऑगस्ट २०२२ मध्ये चोर तिच्या एका डेव्हलपरच्या संगणकातून शिरला आणि त्याने सोर्स कोड नेला. मिळालेल्या माहितीवरून त्याने पुढे एका वरिष्ठ इंजिनिअरला हेरले. त्याच्या घरच्या संगणकावर सिनेमे-गाणी चालवायचे एक सॉफ्टवेअर जुन्या, कच्च्या आवृत्तीत होते. त्यातून कळफलकाची प्रत्येक टिचकी टिपणारा प्रोग्राम बसला, इंजिनिअरचा मास्टर पासवर्ड हाती लागला आणि ग्राहकांच्या तिजोऱ्यांची बॅकअप प्रतच चोराने उचलली. तिजोऱ्या गेल्याचे ग्राहकांना कळले डिसेंबरात.

तिजोऱ्यांतले पासवर्ड कूटबद्ध होते. संकेतस्थळांचे पत्ते मात्र नव्हते. म्हणजे कोणाचे खाते कोणत्या बँकेत आणि कोणत्या क्रिप्टो एक्स्चेंजवर, हे चोराला आयते वाचता आले. शिवाय २०१८ पासून आवर्तनांचा आकडा १ लाखावर नेलेला असला, तरी अनेक जुन्या खात्यांत तो ५ हजारांवर किंवा त्याहूनही खाली राहून गेला होता. छोटा मास्टर पासवर्ड आणि कमी आवर्तने अशी ज्यांची जोडी, त्यांची तिजोरी चोराला सवडीने फोडता येते. त्या ग्राहकाने नंतर मास्टर पासवर्ड बदलला तरी उपयोग नाही, कारण चोराकडची प्रत जुन्याच किल्लीने उघडते. त्याने आतला एकेक पासवर्ड बदलायला हवा.

या अनुभवावरून तीन प्रश्न कोणत्याही कंपनीला विचारावेत. नोंदीतले सगळे रकाने कूटबद्ध होतात का? आवर्तने किती, आणि जुन्या ग्राहकांची वाढवली का? काही घडले तर ग्राहकाला किती दिवसांनी सांगितले?

कॅनडातल्या वनपासवर्डचे उत्तर वेगळ्या रचनेतच आहे. मास्टर पासवर्डखेरीज १२८ बिटांची एक सीक्रेट की तुमच्या उपकरणावर तयार होते आणि ती कंपनीकडे कधीच जात नाही. सर्व्हरवरचा गठ्ठा पळवला तरी दोन्ही असल्याशिवाय तो उघडत नाही. दरोड्याच्या दिवशी ही रचना सर्वांत भक्कम ठरते. विसरण्याच्या दिवशी मात्र ती तितकीच कठोर आहे. सीक्रेट की छापलेला ‘इमर्जन्सी किट’चा कागद हरवला आणि जुना फोनही हातात नसला आणि रिकव्हरीची वाट आधी आखून ठेवलेली नसली, तर दार बंद. कायमचा फुकट पर्याय नाही.

बिटवॉर्डन २०१६ साली आले. सोर्स कोड खुला आहे, बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासण्या होतात आणि फुकट योजनेतही पासवर्डांना किंवा उपकरणांना मर्यादा नाही. सर्व्हर स्वतः चालवायचा असेल तर तीही मुभा आहे. दिसायला वनपासवर्डइतके गुळगुळीत नाही, पण सामान्य माणसाला याहून जास्त लागत नाही. स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनचे पास हे ॲप २०२३ पासून आहे आणि त्याचीही फुकट योजना सढळ आहे. चेन्नईच्या झोहोचे व्हॉल्ट एकट्या माणसासाठी फुकट आहे आणि त्याचा मूळ कल ऑफिसकडे आहे.

फुकट योजनांबाबत भाबडेपणा नको. लास्टपासने मार्च २०२१ पासून फुकट ग्राहकांना फोन किंवा संगणक यांपैकी एकच निवडायला लावला. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये आपल्या ऑथेंटिकेटर ॲपमधली पासवर्ड साठवण्याची सोय काढून टाकली आणि त्याच वर्षी ड्रॉपबॉक्सने आपला पासवर्ड मॅनेजर गुंडाळला. सेवा बंद होण्याचा दिवस येतोच, हे धरून चालावे. म्हणून जिथून सगळा डेटा सहज बाहेर काढता येतो, तीच तिजोरी घ्यावी आणि ती सोय पहिल्याच आठवड्यात करून पाहावी.

ऑगस्ट २०२५ मध्ये एका संशोधकाने दाखवून दिले, की दुष्ट पानावर अदृश्य बटणे रचून ब्राउझरमधल्या अनेक नामवंत मॅनेजरांकडून माहिती काढून घेता येते. बऱ्याच कंपन्यांनी दुरुस्त्या केल्या. तरी पान उघडताच पासवर्ड आपोआप भरण्याची सोय बंद ठेवावी आणि ॲप वेळच्या वेळी अपडेट करावे.

फाइल आपली, जबाबदारीही आपली

ज्यांना कोणाच्याच सर्व्हरवर भरवसा ठेवायचा नाही, त्यांच्यासाठी २००३ पासून कीपास आहे. सगळे पासवर्ड एका कूटबद्ध फाइलीत, फाइल तुमच्या संगणकावर, खर्च शून्य. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर कीपासएक्ससी आणि अँड्रॉइडवर कीपासडीएक्स तीच फाइल उघडतात. दरोडा पडावा अशी कंपनीच नाही, सेवा बंद पडण्याची भीतीही नाही. मात्र फोन आणि संगणकावरची फाइल एकसारखी ठेवणे, बॅकअप घेणे, दोन ठिकाणी वेगवेगळे बदल झाले तर निस्तरणे, हे सगळे तुमच्या गळ्यात. ज्याला आपल्या फोटोंचा बॅकअप नेमका कुठे आहे हे सांगता येत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

कागदाच्या वहीची टिंगल करायचे कारण नाही. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी २००५ मध्येच पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात ठेवण्याचा सल्ला दिला होता. सत्तरीतल्या आजीची चार-पाच खाती असतील, तर कपाटातली वही हाच तिचा पासवर्ड मॅनेजर. परदेशातल्या चोराला ती दिसत नाही. प्रत्येक पासवर्ड वेगळा असला आणि वही पर्समधून गावभर फिरत नसली, की झाले.

ऑफिसातली एक्सेल शीट

एखाद्या सीएच्या ऑफिसात जुलै महिन्यात डोकवावे. एका एक्सेल शीटमध्ये अशिलाचे नाव, पॅन, आयकर पोर्टलचा पासवर्ड, जीएसटीचा, टीडीएसच्या ट्रेसेस पोर्टलचा, शेजारी ‘ओटीपी मुलाच्या नंबरवर’ अशी शेरेवजा टीप. शीट सर्वांच्या संगणकावर असते. आर्टिकलशिप करणारी मुले दर दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि जाणाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर, पेन ड्राइव्हवर तिची प्रत राहून जाते. कोणी मुद्दाम चोरी केलेली नसते. तरी दोनशे अशिलांच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत, हे मालकालाही सांगता येत नाही.

अशा ठिकाणी आधी पाहावे, की पासवर्ड वाटून घेण्याची गरज आहे का. आयकर पोर्टलवर करदात्याला आपला सीए जोडता येतो. अनेक बँका कंपनीच्या खात्याला करणारा आणि मंजूर करणारा असे वेगळे लॉगिन देतात. जिथे प्रत्येकाला स्वतःचे लॉगिन मिळू शकते, तिथे ते घ्यावे. उरलेल्या खात्यांसाठी मॅनेजरची ऑफिस योजना घ्यावी. तीत तीन गोष्टी बघाव्यात: कोणाला कोणता गट दिसतो हे ठरवता येते का, कोणी काय उघडले याची नोंद राहते का आणि माणूस गेल्या दिवशी त्याचा प्रवेश एका जागेवरून बंद होतो का. ‘पासवर्ड न दाखवता भरू द्या’ या सोयीवर मात्र विसंबू नये. जो पासवर्ड ब्राउझरमध्ये भरला जातो, तो जाणकाराला वाचताही येतो. म्हणून माणूस गेला, की त्याच्या हाताखालचे पासवर्ड बदलणे आलेच.

एक सरसकट सक्ती मात्र टाळावी. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, असा फतवा अजून अनेक ऑफिसांत निघतो आणि माणसे शेवटचा १ काढून २ करतात. अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेच्या २०२५ च्या नियमावलीनुसार ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये; फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलावा. पासवर्ड मॅनेजर वापरू द्यावा, असेही ती सांगते. पासवर्ड पेस्ट करायला बंदी करणाऱ्या संकेतस्थळांना हे अजून उमगायचे आहे.

कायदाही आता मागे लागला आहे. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न राखल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ती एक्सेल शीट फुटली, तर ‘आर्टिकलच्या मुलाकडून गेली’ हे उत्तर मालकाला पुरणार नाही.

गृहनिर्माण सोसायट्यांनीही यातून धडा घ्यावा. सोसायटीचा मेल आणि बँकेचे लॉगिन सेक्रेटरींच्या खासगी मोबाइल नंबरला जोडलेले असते. निवडणूक झाली, की नवी कमिटी जुन्या सेक्रेटरींच्या ओटीपीसाठी ताटकळते.

आईवडील, मुले आणि वारसा

मुलगी ॲमस्टरडॅमला, वडील सांगलीत, नेटबँकिंग तिच्या हाती, ओटीपी त्यांच्या फोनवर: असे चित्र अनेक मराठी घरांत आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा ग्राहकाचा. म्हणून पासवर्ड वाटण्यापेक्षा संयुक्त खाते किंवा अधिकारपत्र बरे. वीजबिल, विमा, गॅस यांच्या लॉगिनसाठी मॅनेजरची कौटुंबिक योजना पुरते. यूपीआयचा पिन मात्र कोणाशीही वाटू नये.

मृत्यूनंतरच्या सोयींत मोठा फरक आहे. बिटवॉर्डनच्या सशुल्क योजनेत विश्वासू माणूस नेमता येतो. त्याने मागणी केली आणि तुम्ही ठरवलेल्या १ ते ९० दिवसांत नकार दिला नाही, की तिजोरी त्याला उघडते. ॲपलच्या ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ला फोटो आणि मेल मिळतात, पण कीचेनमधले पासवर्ड मिळत नाहीत, हे अनेकांना ऐन वेळी कळते. गुगलमध्ये खाते ३ ते १८ महिने निष्क्रिय राहिल्यावर कोणाला काय द्यायचे, हे आधी ठरवता येते. वारसाला पासवर्ड मिळाला म्हणून त्याने वडिलांच्या नावाने लॉगिन करून पैसे काढू नयेत. त्यासाठी नॉमिनी आणि दाव्याची रीतसर वाट आहे. तिजोरीचा खरा उपयोग खाती, पॉलिसी आणि फोलिओ कुठे कुठे आहेत, हे कळण्याचा. तेच माहीत नसल्यामुळे पैसे बेवारस पडून राहतात.

आत शिरताना

मास्टर पासवर्ड गाण्याच्या, अभंगाच्या किंवा संवादाच्या ओळीचा नको. अशा ओळींच्या याद्या चोरांकडेही असतात. फासे टाकून शब्द निवडण्याची डाइसवेअर ही जुनी रीत उत्तम. ७,७७६ शब्दांच्या यादीतून असे सहा शब्द निवडले, की अंदाज बांधणे अशक्यप्राय होते. मराठी शब्द रोमन लिपीत घ्यायचे असतील तर जरूर घ्यावेत, पण ‘पाऊस’ रोमनमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतो. जे स्पेलिंग धरले ते कागदावर लिहून, कागद बँकेच्या लॉकरमध्ये किंवा घरच्या कपाटात महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावा.

तिढ्यातही अडकू नये. मेलचा पासवर्ड तिजोरीत आणि तिजोरीचा पडताळणी कोड मेलवर, अशी रचना झाली आणि फोन हरवला, की दोन्ही दारे एकमेकांच्या किल्ल्या धरून बसतात. तिजोरीचे द्विस्तरीय कुलूप वेगळ्या ॲपवर किंवा सिक्युरिटी कीवर ठेवावे आणि रिकव्हरी कोड छापून घ्यावा. जुन्या ठिकाणाहून नव्या तिजोरीत येताना एक सीएसव्ही फाइल तयार होते; तीत सगळे पासवर्ड उघडे असतात. काम झाले की ती डाउनलोडमधून आणि रीसायकल बिनमधूनही काढून टाकावी.

पासकी आल्यावर या सगळ्याची गरज उरेल का, असे विचारले जाते. ॲपल, गुगल आणि मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून ती पुढे रेटली आहे. तीत पासवर्ड नसतोच, त्यामुळे तो फुटण्याचा किंवा बनावट पानावर टंकण्याचा प्रश्न मिटतो. पण पासकीही कुठेतरी ठेवावीच लागते आणि ती जागा बहुधा हाच मॅनेजर असतो. निवडीचे निकष बदलत नाहीत.

निवाडा

एकट्या माणसाने बिटवॉर्डनची फुकट योजना घ्यावी. घरातली सगळी उपकरणे ॲपलचीच असतील तर ॲपलचे ॲप पुरेसे आहे. पैसे देण्याची तयारी आणि कागद जपण्याची शिस्त असेल, तर कुटुंबासाठी वनपासवर्ड. तंत्राची हौस असणाऱ्यांनी कीपासएक्ससी. दहा-वीस माणसांच्या ऑफिसने बिटवॉर्डन, वनपासवर्ड आणि झोहो व्हॉल्ट महिनाभर चालवून पाहावेत आणि एका कर्मचाऱ्याला कागदोपत्री ‘काढून टाकून’ काय होते ते तपासावे. लास्टपासमध्ये २०२२ पासूनचे पासवर्ड तसेच असतील, तर ते आजच बदलायला घ्यावेत.

सगळी शंभर खाती एका रविवारी हलवायचा घाट घालू नका. पहिला दिवस मेलच्या पासवर्डला द्या, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड त्याच मेलवरून बदलले जातात. दुसरा बँकेला, तिसरा सरकारी पोर्टलांना. उरलेली खाती जसजशी उघडाल तसतशी आत घ्या. आणि सगळी काळजी घेऊनही पैसे गेलेच, तर आधी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक फिरवा आणि लगेच बँकेला कळवा.